'उद्या बंद'चं आठवं गाणं

१

रेकॉर्डिस्टांनी खोका उघडला आणि उघडल्या उघडल्या त्यांचा चेहरा पडला. सोबत आणलेलं हाताने फिरवायचं यंत्र त्यांनी टेबलावर मांडलं, रीळ एका बाजूला बसवलं, दुसऱ्या बाजूला रिकामं चक्र, आणि सगळी टेप या चक्रावरून त्या चक्रावर सावकाश गुंडाळून घेतली. दोन गाण्यांच्या मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी जोडलेली असते. पट्टी आली की ते पुटपुटत मोजत होते.

"सातच," शेवटी ते म्हणाले. "सुरुवातीची हिरवी पट्टी आहे. शेवटाची लाल नाही. आठवं गाणं कुणीतरी कापून नेलंय."

माझी भाची मटकन खुर्चीत बसली. बँडमधल्या लंबूची लेक मात्र दाराशी उभीच राहिली. "म्हणजे बाबांचं?" एवढंच तिने विचारलं.

आता मी कोण, ते सांगते. मी या भाचीची आत्या. विमा कंपनीत माझी नोकरी गेली ती जळालेली दुकानं आणि गोदामं तपासण्यात. आग लागली की लावली, हे राखेवरून सांगायचं. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. ताल तेवढा कळतो, सूर नाही. निवृत्त झाल्यापासून मी भाचीच्या ऑफिसात चहा करते आणि न विचारलेले सल्ले देते.

भाचीचा धंदा म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणं. कुणी न ऐकलेले जुने बँड शोधायचे आणि त्यांच्या तबकड्या काढायच्या. भंगारवाल्याकडे तिला एक कॅसेट सापडली. वर नाव, 'उद्या बंद'. आत तीन गाणी. तिने ती वेड्यासारखी ऐकली, लोकांना ऐकवली, आणि महिनाभरात ठिकठिकाणचे लोक विचारू लागले, ही पोरं कोण, बाकीची गाणी कुठे आहेत?

पोरं आता सत्तरीला टेकली होती. गिटार वाजवून गाणारा आज दातांचा डॉक्टर. ड्रम वाजवणारा बेकरीवाला. बेस वाजवणारा लंबू मात्र मोटरसायकलवरून पडून गेला, त्यांनी आठ गाणी रेकॉर्ड केली त्याच वर्षी. बँड तिथेच संपला. एका बंद दुकानाची पाटी बघून गंमत म्हणून नाव ठेवलं होतं, ते खरं झालं.

त्या आठ गाण्यांतली सात डॉक्टरांच्या आवाजात होती. शेवटचं तेवढं लंबू गायला होता. त्याची लेक जन्मली ती तो गेल्यावर. आज ती मुलांना ड्रम शिकवते, तिचे केस पिकायला लागलेत, आणि बापाचा आवाज तिने उभ्या आयुष्यात ऐकलेला नाही. आई म्हणायची, जाडसर होता गं, थोडा हसरा. आवाज सांगून कुठे कळतो?

जगात तो आवाज एकाच ठिकाणी होता. तेच कुणीतरी कापून नेलं होतं.

२

आदल्या दिवशी दुपारी भाचीने सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. म्हाताऱ्यांची गाठ पडावी, जुन्या गोष्टी निघाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टांनी टेप तपासायला घ्यावी, असा बेत. रीळ इतकी वर्षं बेकरीच्या माळ्यावर होतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा रेकॉर्डिस्टांनीच ते बेकरीवाल्याला दिलं होतं, कारण तिघांत कोरडी जागा त्याच्याकडेच. त्याने ते सोमवारी स्वतः आणून दिलं, खोक्यावरचं पीठ पुसत.

चहाच्या वेळी रीळ आतल्या खोलीत होतं. तिथे पार्सलं बांधायचं टेबल, त्यावर कात्री, चिकटपट्टी, आणि भिंतीवर तिघांचा मोठा केलेला जुना फोटो. टेप वाजवायचं मशीन आमच्याकडे नव्हतंच. ते रेकॉर्डिस्टांच्या घरी.

"ए कुंभ्या," डॉक्टर बेकरीवाल्याला म्हणाले, "आज जागा आहेस ना? नाहीतर चहात तोंड घालून झोपशील."

"तू पेशंटला भूल देतोस, मला काय बोलतोस!" बेकरीवाला म्हणाला. बँडच्या दिवसांत तो दुसऱ्याच्या बेकरीत रात्रपाळी करायचा आणि दिवसा मिळेल तिथे डोळा लावायचा. त्यावरून ते कुंभकर्णाचं नाव पडलेलं.

लंबूची लेक त्याच्या शेजारी बसली होती. तो तिचा सख्खा काका नव्हे, पण शाळेची फी, सायकल, पहिला ड्रम, सगळं त्याने केलेलं. बोलता बोलता तिने टेबलावर बोटांनी एक ठेका धरला. अडखळल्यासारखा सुरू होणारा आणि मग पळत सुटणारा.

"पहिल्या गाण्याची सुरुवात," ती मला म्हणाली. "गाणं ऐकलेलं नाही मी, कॅसेटवर ते नाहीच, पण हा ठेका काकांनी मला आठ वर्षांची असताना शिकवला. मी सगळ्या मुलांना आधी हाच शिकवते. काकांचा ठेका म्हणून."

बेकरीवाल्याने तिच्या पाठीवर थोपटलं. डॉक्टरांनी बशीतला चहा उगाच फुंकला.

"उद्या मजा येईल," रेकॉर्डिस्ट म्हणाले. "गाणी तर आहेतच, पण पहिल्या गाण्याआधी तुमची जी बडबड चालली होती, तीसुद्धा मी कापलेली नाही. कोण काय बोललं, कुणी कुणाला शिव्या दिल्या, सगळं आहे."

सगळे हसले. मग डॉक्टर हात धुवायला आत गेले. रेकॉर्डिस्ट फोनवर बोलायला आत गेले. बेकरीवाला फोटो बघायला म्हणून आत गेला, आणि लेकही एकदा जाऊन आली. बापाचा फोटो तिला दर वेळी बघायचा असतो. प्रत्येकजण थोडा थोडा वेळ एकटा होता, आणि मी बाहेर बसून बिस्किटं वाटत होते. चोर आमच्याच कपांतून चहा पिऊन गेला होता.

३

"पोलीस नको," भाची म्हणाली. "पोलीस काय शोधणार? चार मिनिटांची प्लॅस्टिकची फीत. आत्या, तूच बघ."

पहिला संशय डॉक्टरांवर जाणं साहजिक होतं. मी त्यांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत एक बाई आ वासून पडली होती. तिला तशीच ठेवून ते बाहेर आले.

"हो, मला ते गाणं नको होतं," मी विचारायच्या आत ते म्हणाले. "लपवत नाही. बँडमध्ये गाणारा मी होतो. लंबूला एकदम गायची हुक्की आली. आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, तुझा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात दगड. तो हसला आणि गायला. मग काही महिन्यांत तो गेला. आता तुम्ही सांगा ताई, हे बोललेलं मी कुठे जाऊन परत घेऊ?"

"म्हणून कापलंत?"

"म्हणून तर ऐकायचं होतं! ते वाजलं की सगळ्यांदेखत म्हणणार होतो, लंबू, तू बरा गायलास." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकलला. "आणि कापणार कसं? शेवटचं गाणं म्हणजे रिळाच्या अगदी पोटात. आधीची सात गाणी उलगडल्याशिवाय तिथवर हात पोचेल? हात धुवायला गेलेला माणूस टेपचा एवढा ढीग खोलीभर काढेल आणि परत गुंडाळून ठेवेल?"

बोलणं पटण्यासारखं होतं. मी निघता निघता सहज विचारलं, "आणि पहिलं गाणं? ते कसं झालं होतं?"

"पहिलं?" ते जरा थांबले. "पहिलं झकास. विशेषतः ड्रम." आणि आत वळत म्हणाले, "त्याबद्दल मला विचारू नका. शब्द दिलाय."

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

४

बेकरीत गेले तेव्हा पावांची शेवटची खेप निघाली होती. बेकरीवाला भट्टीसमोर स्टुलावर बसला होता. त्याला पाहून मी चरकले. एका दिवसात माणूस पाच वर्षांनी म्हातारा झाला होता.

"कळलं ना?" मी म्हटलं.

"पोरीने फोन केला होता. आठवं गेलं म्हणाली." त्याने माझ्याकडे बघितलं. "नक्की आठवंच? पहिलं नाही? त्या रेकॉर्डिस्टांची नजर आता अधू झालीय, त्यांचं चुकलं असेल. परत मोजायला सांगा ना ताई. पहिलं गेलं असेल."

"हिरवी पट्टी आहे, लाल नाही म्हणतात."

मग दोन्ही तळव्यांनी त्याने तोंड झाकून घेतलं.

मी म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं जपलंत. तुम्हाला लागणारच." तो रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाला चार शब्द बोलावेत एवढी रीत मलाही कळते. पण माझं डोकं मात्र नोकरीवर हजर झालं होतं. जळालेल्या दुकानाचा मालक पहिल्यांदा विचारतो, कशाने लागली? कुणी लावली? भाचीने तेच विचारलं होतं, डॉक्टरांनी तेच, लेकीनेही फोनवर तेच. कुणी नेलं? या एकट्या माणसाने ते विचारलं नाही. त्याने विचारलं, कुठलं?

चोरी कुणी केली हे ज्याला विचारावंसं वाटत नाही, त्याला ते बहुधा ठाऊक असतं. पण मग काय चोरलं गेलं, हे त्याला ठाऊक कसं नाही?

५

मी परत ऑफिसात आले आणि आतल्या खोलीत त्या फोटोसमोर उभी राहिले. मधे डॉक्टर, केस खांद्यापर्यंत. एका बाजूला बेकरीवाला, उजव्या मुठीत दोन्ही काठ्या. दुसऱ्या बाजूला लंबू, बेस गिटार गळ्यात. सगळ्यांची गिटार एका बाजूला तोंड करते, याची उलटी. लंबू डावखुरा होता.

लेक कोपऱ्यात बसून टेबलावर तोच ठेका वाजवत होती.

"हे डाव्या हाताने का सुरू करतेस गं?" मी विचारलं.

"तो तसाच आहे आत्या. डाव्याने सुरू केला तरच पुढचं जमतं. उजव्याने केला की हात अडकतात. मला शिकताना किती त्रास झाला! काकांनाही अजून तो नीट येत नाही, वय झालं ना."

सूर मला कळत नाही, पण हात दिसतात. उजव्या हाताचा माणूस आपला आवडता ठेका स्वतःलाच अडचणीचा का बसवेल?

मी तशीच उठून रेकॉर्डिस्टांकडे गेले. ते टेपच्या एका टोकाकडे भिंगातून बघत होते. "कात्री," ते तिरस्काराने म्हणाले. "सरळ, आणि दातेरी. आम्ही ब्लेडने तिरकी कापतो, म्हणजे जोड ऐकू येत नाही. हा माणूस आमच्यातला नव्हे."

"एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "काल तुम्ही खोका उघडलात आणि तिथेच तुमचा चेहरा पडला. टेप अजून उलगडलीही नव्हती. शेवटचं गाणं पोटात असतं, तर गेलेलं तुम्हाला वरून कसं कळलं?"

"पोटात? छे! शेवट बाहेरच असतो. आम्ही टेप वाजवून झाली की मागे गुंडाळत नाही, तशीच ठेवतो, शेवट बाहेर आणि सुरुवात आत. मागे फिरवून ठेवली तर वर्षानुवर्षं थराला थर लागून पुढच्या गाण्याची कुजबुज आधीच ऐकू येते. ऐकायच्या दिवशी उलटी फिरवून घ्यायची. काल नाही का मी घेतली?"

"मला वाटलं, धूळ झटकताय."

"या धंद्यातल्या पोराटोरांना ठाऊक असतं."

"आणि धंद्याबाहेर?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "धंद्याबाहेरचा माणूस म्हणेल, बाहेर आहे ते पहिलं," ते हळूच म्हणाले.

आगीच्या तपासात आम्ही नव्या पोरांना सांगायचो, काय जळलं ते नंतर बघा, आधी बघा काय जाळायचं होतं. वाऱ्याने भलतंच जळतं. आम्ही सगळे विचारत बसलो होतो, आठव्या गाण्यावर कुणाचा राग होता? आठव्यावर कुणाचाच राग नव्हता. ज्याने कात्री चालवली त्याला पहिलं गाणं नको होतं.

शेवट बाहेर असतो हे रेकॉर्डिस्टांना ठाऊक, पण ते कात्री धरणार नाहीत. शिवाय टेप त्यांच्याच हातात येणार होती. घरी बसून हवं ते पुसलं असतं. डॉक्टरांचा ज्या गाण्याशी वाद होता, ते त्यांच्या मते रिळाच्या पोटात होतं, आणि पहिलं तर त्यांचंच झकास गाणं. लेकीला सगळीच हवी होती. उरला एकच.

"ती बडबड," मी विचारलं, "पहिल्या गाण्याआधीची. तिच्यात काय आहे?"

"देव जाणे. त्या वेळी मी आत यंत्रांत गुंतलेलो, कान कुठे होता! आत्ता लावून बघितली असती, पण माळा कोरडा असूनही इतक्या वर्षांत टेपने हवेतली ओल धरलीय, वाळवल्याशिवाय लावली तर सोलून निघेल. मंद उबेत रात्रभर ठेवायला हवी. एखाद्या भट्टीत, विझत आलेल्या."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेकॉर्डिस्टांकडून आणलेलं रीळ पिशवीत घातलं आणि बेकरीत गेले. गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबले. मग रीळ त्याच्यासमोर ठेवलं आणि रेकॉर्डिस्टांकडून कळलेलं सगळं सांगितलं. शेवट बाहेर, सुरुवात आत. तो ऐकत गेला, आणि मला पुढे विचारावंच लागलं नाही.

"मी त्या दिवशी रात्रपाळी करून सरळ स्टुडिओत गेलो होतो," तो म्हणाला. "बाकावर पडलो तो मेल्यासारखा. उठलो तेव्हा पहिलं गाणं झालेलं. लंबूने वाजवलेलं. तो काहीही वाजवायचा. मला म्हणाला, चल, पुढची तू घे. कुणी चकार शब्द काढला नाही. नंतर कार्यक्रमांसाठी त्याच्याकडे बघून बघून मी तो ठेका शिकलो. येत नव्हताच नीट."

"आणि मग?"

"मग तो गेला. पोर आठ वर्षांची झाली, म्हणाली, काका, तुम्ही वाजवलेलं काहीतरी शिकवा. मला त्या ठेक्याएवढं सुंदर दुसरं काही ठाऊक नव्हतं. शिकवला. काकांचा ठेका, काकांचा ठेका करत घरभर नाचली. तेव्हाच सांगायला हवं होतं, की अगं, हा तुझ्या बापाचा आहे. उद्या सांगू म्हटलं. तिने बक्षीस मिळवलं त्यावर. म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. ताई, खोटं एकदाच बोललो. पण गप्प रोज बसलो."

भट्टीतला एक निखारा तडकला.

"चहाच्या वेळी रेकॉर्डिस्ट ते बडबडीचं म्हणाले. दोघं माझी टर उडवत असणार, हा कुंभ्या घोरतोय म्हणून. तिच्यासमोर ते ऐकायचं? आत गेलो. कात्री समोर होती. बडबड कुठे संपते, गाणं कुठे सुरू होतं, नुसत्या डोळ्यांना काय कळणार? पांढरी पट्टी येईपर्यंत उलगडलं आणि कापलं. मनात म्हटलं, हिच्या बापाचं गाणं शेवटी आहे, आत, सुरक्षित आहे. देवाशप्पथ, तेवढं मी मनात म्हटलं होतं."

"ती फीत कुठे आहे?"

त्याने मान हलवली. "खिशात कोंबून नेली आणि घरी जाऊन बारीक तुकडे केले. सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत गेले. तिचा फोन आला तेव्हा धावत गेलो होतो. गाडी केव्हाच रिकामी झाली होती."

मला वाटत होतं, मी चिडेन. नोकरीत खोटारडे खूप पाहिले, त्यांना फैलावर घ्यायला मला आवडायचं. पण या माणसाला आणखी काय शिक्षा करायची? ज्या पोरीसाठी खोटं जपलं, तिचंच सोनं त्याने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं होतं.

"तिला मीच सांगतो," तो म्हणाला. "पण आधी हे वाळवायला हवं ना? माझी भट्टी दुपारी निवते. उबेचा अंदाज मला आहे. ठेवाल माझ्यावर विश्वास?"

भाचीला कळलं तेव्हा ती माझ्यावर किंचाळली. "आत्या, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? त्यात पहिलं गाणं आहे! आज रात्रीत तेही जाळून टाकेल तो!"

"टाकेल," मी म्हटलं. "किंवा नाही टाकणार." खरं सांगायचं तर रात्री मलाही डोळ्याला डोळा लागला नाही.

७

रविवारी दुपारी आम्ही रेकॉर्डिस्टांच्या घरी जमलो. बेकरीवाला सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. रीळ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलेलं. रेकॉर्डिस्टांनी टेप बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "मलाही इतकी छान वाळवता आली नसती."

मग त्याने लेकीला सांगितलं. आमच्या सगळ्यांसमोर, खाली बघत, काही न गाळता. ठेका कुणाचा ते सांगितलं आणि कात्रीचंही सांगितलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

लेकीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती यंत्राकडे वळून म्हणाली, "लावा."

चक्रं फिरू लागली. आधी खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग रेकॉर्डिस्टांचा, तरुण: "चालू केलंय रे."

डॉक्टरांचा आवाज, कोवळा आणि चिडका: "हा कुंभ्या उठत नाहीये. पाणी मारू का तोंडावर?"

आणि मग तिसरा आवाज आला. जाडसर, थोडा हसरा.

"नको रे. रात्रभर भट्टीपुढे उभा होता तो. झोपू दे. मी वाजवतो."

"तू? आणि बेस?"

"बेस नंतर भरू. आणि ऐक, नाव त्याचंच लावायचं. कुणाला बोलायचं नाही, त्यालाही चिडवायचं नाही. शब्द दे."

"दिला, बाबा, दिला."

"हं. काठ्या कुठंयत? एक, दोन..."

आणि डाव्या हाताने तो ठेका सुरू झाला.

रेकॉर्डिस्टांनी टेप थांबवली. लेक दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. बेकरीवाला भिंतीला टेकला होता. जे ऐकायच्या भीतीने त्याने कात्री उचलली, त्यात त्याची कुणी टर उडवली नव्हती. त्याच्या अंगावर पांघरूण घातलं होतं.

"परत," लेक म्हणाली. रेकॉर्डिस्टांनी परत लावलं. तिने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग ती बेकरीवाल्याकडे वळली. "काका" म्हणाली नाही. नुसतं विचारलं, "आठवं गाणं कसं होतं?"

कुणालाच धड सांगता येईना. डॉक्टरांना पहिल्या दोन ओळी आठवल्या, तिसरीला ते अडले. "बरा गायला होता गं," ते म्हणाले. "मी त्याला भलतंच बोललो." रेकॉर्डिस्टांना फक्त एवढंच आठवत होतं, की शेवटी लंबू हसला होता आणि त्यांनी ते हसणं ठेवलं होतं.

"तुम्हाला?" तिने बेकरीवाल्याला विचारलं.

"मी मागे होतो. गाणं त्याच्याकडे होतं." त्याने ओठ ओले केले. "मला माझं वाजवलेलं तेवढं आठवतं."

"मग ते वाजवा."

मग त्याने खुर्ची टेबलाशी ओढली आणि पिठाने कायमची पांढरी झालेली नखं लाकडावर टेकवली. उजव्या हाताने सुरुवात केली. साधा ठेका होता, चालत घरी निघालेल्या माणसाचा. मधे तो एके ठिकाणी थांबला, बोटं हवेत. तिथे लंबू एकटाच गात असणार. मग पुन्हा सुरू झाला. त्याने ते सबंध गाणं वाजवलं, एकही ठोका न गाळता, आणि आम्ही सगळे त्यात नसलेला आवाज ऐकत बसलो.

मला आयुष्यभर गाणी अशीच ऐकू आली आहेत, नुसता ताल, आत सूर नाही. त्या दुपारी पहिल्यांदा इतर सगळ्यांना माझ्यासारखं ऐकू येत होतं.

संपल्यावर त्याने हात मांडीवर घेतले. लेक उठली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याच्याकडे तिने बघितलं नाही.

"शेवटी ते हसले, तेव्हा तुम्ही वाजवायचं थांबला होतात का?" तिने विचारलं.

"थांबलो होतो," तो म्हणाला.

"मग पुन्हा एकदा वाजवा," ती म्हणाली. "या वेळी त्यांना हसायला जागा ठेवा."